कासारणीचा हात

रंगूच्या हातातला हिरवा चुडा आपणच भरायचा, एवढी एकच हौस मनुबाईनं शिल्लक ठेवली होती. बाकीच्या हौसा तिनं केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. दिघीच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर जेवढे कोळीवाडे होते, त्यांत तिनं हात धरला नाही अशी नवरी शोधून सापडली नसती. इतक्या परक्या पोरींची मनगटं हाताखालून गेली, मग आपल्या एकुलत्या पोरीचं का जाऊ नये, असं तिला वाटे. वाटून झालं की पाठोपाठ भीतीही वाटे. कारण मनुबाई विधवा होती, आणि विधवेनं नवरीचा चुडा भरायचा नसतो.

धंदा सासरचा. तिचा नवरा तुळशीराम कासार मुंबईहून बांगड्या आणायचा आणि दोघं नवराबायको हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, माल घेऊन गावोगाव फिरायची. सासूनं मनुबाईला पहिल्या दिवशी शिकवलं ते धंद्यातलं बोलणं. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. भरताना वाढली तर नुकसान कासाराचं, भरून झाल्यावर वाढली तर गिऱ्हाइकाचं. “म्हणजे काय गो,” सासू म्हणायची, “बाईचा हात आपल्या हातात हाय तवर तिचं बरंवाईट आपल्याकडं.”

सत्तेचाळीस सालच्या आषाढात तुळशीराम श्रावणाचा माल आणायला मुंबईला गेला. श्रावण म्हणजे कासाराची सुगी. नव्या लग्नाच्या पोरी माहेरी येतात, नागपंचमी असते, बांगड्या भरायला कासाराचे हात पुरत नाहीत. पावसाळ्यात दिघीपर्यंतच्या बोटी बंद असत, म्हणून रेवसला उतरायचं आणि पुढं पायी, तरीतून, मिळेल त्या गाडीनं यायचं, अशी त्याची दरवर्षीची वाट. अवसेच्या दिवशी तो पेटी घेऊन रामदास बोटीत चढला. ती बोट रेवसला लागलीच नाही. त्या बोटीचं दुःख या किनाऱ्याला नव्यानं सांगायला नको. काहींची माणसं पुढं कुठं कुठं वाळूला लागली. तुळशीराम लागला नाही आणि बांगड्यांची पेटीही लागली नाही.

किती तरी दिवस वाट पाहून झाल्यावर शेजारच्या बायका मनुबाईच्या बांगड्या वाढवायला आल्या. एकीनं पाटा पुढं ओढला.

“थांबा,” मनुबाई म्हणाली. “मी उतरवते.”

तिनं एकेक बांगडी अख्खी उतरवली. तिच्याच धंद्यातली सफाई ती. हातावर ओरखडाही उठला नाही. काच फुटली असती, थोडं रक्त आलं असतं, तर त्या दिवशी निदान रडता तरी आलं असतं, असं पुढं तिच्या कितीदा मनात येऊन गेलं. तेव्हा मात्र रंगू मांडीवर होती, नुकती बोलायला लागलेली, आणि उतरवलेल्या बांगड्या मागत होती.

दिवाळीनंतर मनुबाईनं घरात उरलेला माल हाऱ्यात भरला आणि डोक्यावर घेऊन निघाली. आधी बाजाराच्या आळीत गेली. तिथल्या बायका तिच्या रोजच्या ओळखीच्या.

“बस हो मनू,” पहिल्याच घरी बाई म्हणाली. “पाणी हवं का? त्या हिरव्यातला एक डझन ठेव खाली. आमची आम्ही भरून घेऊ.”

“भरताना वाढल्या तर?”

“वाढू देत.”

दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. कुणी वाकडं बोललं नाही. वाकडं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. मनुबाई परत फिरली ती मनाशी एक गोष्ट पक्की करूनच: नुसती बांगडी विकायची तर वाण्याचं दुकान काय वाईट? कासारणीला घरात घेतात ती तिच्या हातासाठी. तो हात चालेनासा झाला तर धंदा राहिला कुठं?

मग ती कोळीवाड्यात गेली. तिथं भागुबाईच्या घरी लग्न होतं. भागुबाई म्हणजे वाड्यातली मोठी बाई. तिचा शब्द होड्यांवरच्या बाप्यांनाही मोडवत नसे. तिची लेक सोनू त्याच वाड्यात दिली होती आणि दारात मांडव पडला होता. मनुबाई मांडवाच्या बाहेरच हारा उतरवून उभी राहिली.

“अगो, तिकडं काय खांबासारखी उभी?” भागुबाई आतून ओरडली. “आत ये. पोरीचा हात भर.”

“भागुबाय, डझनं ठेवून जाते. तुमची तुम्ही भरून घ्या.”

“का गो? तुझ्या हाताला काय झालं?”

“तुम्हाला ठाव नाही का? मी...”

“रंडकी हायस ती? मंग काय झालं? या वाड्यात रंडक्यांचा काय दुष्काल हाय?” बायका हसल्या. भागुबाई हसली नाही. ती उठून मांडवाबाहेर आली आणि तिनं मनुबाईचा मोकळा हात धरला. “आयक. आमची नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, ठाव हाय ना? म्हनून तर कोलनीच्या उजव्या हातात काच नसते. का देते? त्यानं घोवाकडं बघू नये म्हनून. पोरगी देऊन देऊन किती देनार? मूठभर. तुझ्या घोवानं पेटीच्या पेटी दिली, वर सोताला दिला. एवढं दर्याला कुनी दिलंय? तुझा हात दर्या वलखतो आता. तुझ्या हातची बांगडी ज्या पोरीच्या हातात, तिच्या घोवाला तो हात लावायचा न्हाय. चल, भर!”

तुळशीरामानं काही दिलं नव्हतं. त्याच्याकडून घेतलं होतं. तो श्रावणाचा माल आणायला गेला होता आणि येताना रंगूला शिट्टी आणणार होता. हे ओठांवर आलं होतं. पण सोनू पाटावर बसून हात पुढं करून होती. इतक्या दिवसांत तिच्यापुढं आलेला तो पहिला हात. मनुबाई खाली बसली आणि तिनं तो धरला.

सोनूचा नवरा दर खेपेला सुखरूप परत आला. पुढच्या वर्षीच्या वादळात दोन होड्या गेल्या, त्यांतही तो नव्हता. मग काय, विचारायलाच नको. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात, खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर मनुबाईला बोलावणी येऊ लागली. लग्नाची तारीख ठरली की आधी भटाला नाही, कासारणीला निरोप जाई. आणि दर मांडवात कुणी ना कुणी म्हातारी नव्या नवरीला तेच सांगे: हिच्या घोवानं दर्याला पेटी दिली, सोताला दिला. मनुबाई मान खाली घालून बांगड्या चढवत राही. गिऱ्हाईक आपल्याकडून नेमकं काय घेऊन जातं ते दुकानदारानं ठरवायचं नसतं, हे ती तिथं शिकली. आपण काच विकतो असं आपल्याला वाटतं. त्या पोरी तुळशीरामाचं मरण नेत होत्या.

धंद्यानं बाकीही पुष्कळ शिकवलं. माल आणायला तिला स्वतःला मुंबईला जावं लागलं. पहिल्या खेपेला ती बोटीत डोळे मिटून बसली होती. दुसऱ्या खेपेला अर्धे उघडले. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाईशी घासाघीस करत बसली आणि उतरल्यावर लक्षात आलं की पाण्याकडं बघायचं राहूनच गेलं. व्यापाऱ्यांना तिला बाई म्हणून फसवता येईना, कारण ती बांगड्यांची प्रत्येक माळ कानाशी धरून वाजवून घेई. तडा गेलेली काच बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रंगू हाताशी यायला लागली तशी ती तिलाही शिकवी. एकदा एका कोळणीच्या मनगटावर काळानिळा वळ होता. मनुबाईनं तिला काही न विचारता नेहमीपेक्षा जास्त बांगड्या भरल्या, वळ झाकेपर्यंत. बाहेर आल्यावर रंगू म्हणाली, “आई, तिला कुणी मारलं ते विचारलं का नाहीस?”

“हात बघून घरचं कळतं गो. कळलं म्हणून बोलून दाखवायचं नसतं. पुढच्या खेपेला दार उघडायला हवं ना तिनं?”

असं बोलून न दाखवण्याची सवय लागली आणि एका दिवशी ती नको तिथं नडली. रंगू सात-आठ वर्षांची असेल. भागुबाईच्या ओसरीवर बांगड्या भरायला बायका दाटीनं बसल्या होत्या. कुणी तरी नवरीला नेहमीची गोष्ट सांगत होतं. रंगू माळा सोडता सोडता थांबली आणि सगळ्यांसमोर तिनं विचारलं, “आई, बाबांना तू दर्याला दिलंस?”

भागुबाईनं मनुबाईकडं पाहिलं. पाटावरची नवरी पाहत होती, नवरीची आई पाहत होती. सगळा हंगाम पुढं होता.

“गप गो,” मनुबाई म्हणाली. “माळ सोड.”

घरी जाऊन सांगू, असं तिनं मनात म्हटलं. घरी गेल्यावर चूल पेटवायची होती, माल लावायचा होता. रंगूनं पुन्हा विचारलं नाही. पोर विसरली असेल, असं मनुबाईला वाटलं. पोरं विसरत नाहीत, हे तिला कळायला हवं होतं.

रंगूचं लग्न तळा गावच्या कासारांकडं ठरलं. मुलगा हिरामण, घरचं दुकान, माणसं बरी. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि उठता उठता मुलाची आई वेणूबाई हळूच म्हणाली, “विहीणबाई, एक सांगू का? राग नका मानू. चुडा आमच्याकडचे भरतील. तुमचा हात कसा हाय ते साऱ्यांना ठाव हाय, त्यात काही म्हणणं नाही. पण रीत ती रीत.”

मनुबाईनं रंगूकडं पाहिलं. पोरगी एक शब्द बोलली असती, ‘आईच भरील’ एवढंच, तर मनुबाईनं पुढचं सगळं ओढून नेलं असतं. रंगू जमिनीकडं बघत राहिली. लाजली असेल, मनुबाईला वाटलं.

“तुमच्या मनासारखं होऊ द्या,” ती म्हणाली.

भागुबाई तेव्हा थकली होती, कमरेत वाकली होती, पण जिभेत नाही. तिला हे कळलं तशी ती म्हणाली, “तल्याची ना ती? तल्यातल्या बेडकांना दर्याचं काय कलतंय! तू ‘व्हय’ म्हनून गप कशी बसलीस गो? वाड्यावाड्यात हिचा हात मागतात आनि हिच्याच घरात हिला भायेर काढतात!”

“बाहेर कुठं? स्वयंपाकघरात हाय मी,” मनुबाई हसून म्हणाली.

आणि खरंच, चुडा भरला गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात वाटण वाटत होती. भिंतीपलीकडून बांगड्यांचा आवाज येत होता. भरणारा माणूस घाईचा आहे हे तिला आवाजावरून कळलं. मध्येच एक काच वाढली तेव्हा तिनं वरवंटा थांबवला. बाहेर कुणी काही बोललं नाही तसा पुन्हा फिरवायला लागली. अजून पहिलटकरणीची खेप आहे, ती मनाशी म्हणाली. बाळंतपणाला पोर माहेरी येईल. तेव्हा हिरव्या बांगड्या भरायच्या असतात. तेव्हा घर आपलं, हात आपला, रीत सांगायला तळ्याचं कुणी नसेल.

त्या दिवसाची तिनं दोन वर्षं वाट पाहिली. मुंबईला गेली की व्यापाऱ्याकडं हिरव्या बांगड्या पुढं घेऊन बसे. हा पोपटी नको, हा काळपट नको. शेवटी भाताच्या कोवळ्या रोपासारखा एक हिरवा मिळाला, त्यावर सोन्याची बारीक रेघ. त्या बांगड्या तिनं विकायच्या मालात मिसळल्या नाहीत. फडक्यात बांधून धान्याच्या कणगीत ठेवल्या.

रंगू आली ती आषाढ सरता सरता. पोट चांगलं दिसत होतं, पाय सुजले होते. मनुबाईनं तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, पेज प्यायला दिली, आणि मग ते फडकं घेऊन तिच्यापुढं बसली. फडक्याची गाठ तिला पटकन सुटेना. ती स्वतःशीच हसली. इतकी वर्षं माळा सोडल्या आणि आता एक गाठ सुटत नाही!

“बघ तरी,” ती म्हणाली. “रंग बघ. आण हात.”

रंगूनं बांगड्यांकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पण हात पदराखाली गेले.

“आई, नको.”

“का गो? दुखतंय कुठं? बोटं सुजलीयत, मी बघितलंय. सैल आणल्यात मी.”

“तसं नाही. सोनूमावशीला बोलाव. तिला भरू दे.”

“सोनूला? तिला कुठं येतंय! सासूबाईंनी सांगितलंय का तुला?”

“त्यांनी काही नाही सांगितलं.” रंगू रडायला लागली. “आई, हे मुंबईला गेलेत. श्रावणाचा माल आणायला. रेवसवरनं येणार. आणि तुझा हात... दर्या ओळखतो ना गो तुझा हात? तूच बाबांना...”

मनुबाईला पुढचं ऐकायची गरज नव्हती. वाड्यातल्या बायकांनी त्या गोष्टीतून राखण काढून घेतली होती. पोरीनं त्याच गोष्टीतून दर्याचं मागणं काढलं होतं. ज्या हातानं एकदा दिला, तो हात पुन्हा देईल. लग्नाच्या बोलण्यांत ती जमिनीकडं का बघत होती ते मनुबाईला आत्ता कळलं. लाज नव्हती ती.

“अगो वेडे, मी कुणाला दिलं नाही,” ती म्हणाली. “बोट बुडाली. तुझे बाबा बुडाले.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

हंगाम होता, ओसरी भरली होती, म्हणून बोलले नाही, असं पोटुश्या पोरीला कसं सांगायचं? ती उठली, चपला घातल्या आणि भर पावसात कोळीवाड्यात जाऊन सोनूबाईला घेऊन आली.

सोनूबाई हातांवरचं पाणी पुसत बसली. “मनुबाय, माझं हात बघ. सुकटीसारखं खरबरीत. मला बोंबील सोलायला सांग, मी सोलते. ह्ये काय मला जमायचं न्हाय.”

“जमेल. मी सांगते.”

आणि मनुबाई समोरच्या भिंतीशी जाऊन बसली, पोरीपासून चांगली लांब. “अंगठा तिच्या तळव्यात घे. दाबू नकोस, नुसता वळव. आता करंगळीच्या खालचं हाड दोन बोटांत धर. ढकलायचं नसतं गो सोनू, बांगडी आपोआप चढते, हात खाली उतरवायचा असतो. आणि बोल तिच्याशी. बोलणारी बाई हात सैल सोडते. तळ्याचं विचार तिला, दुकानाचं विचार.”

“काय गो रंगू, तुझी सासू अजून घोरते काय?” सोनूबाईनं विचारलं.

रंगू रडता रडता हसली आणि पहिली बांगडी चढली. दुसऱ्या बांगडीला ती “आई गं” म्हणून कळवळली. मनुबाईचा हात आपोआप पुढं आला. तो तिनं ओढून मांडीखाली दाबून धरला. सगळ्या बांगड्या भरून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि तोंडानं सांगत राहिली. एकही काच वाढली नाही.

हिरामण चार दिवसांनी सुखरूप आला, भिजलेला, माल घेऊन. रंगू त्याच्याकडं बघून आईला हळूच म्हणाली, “बघितलंस?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मनुबाई “हो गो” म्हणाली आणि जावयाला अंग पुसायला पंचा द्यायला उठली.

रंगूला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण तळ्याला गेली. मग लग्नसराई आली आणि पलीकडच्या तीरावरच्या एका कोळीवाड्यातून मनुबाईला बोलावणं आलं. नवरी पाटावर बसली, मनुबाईनं तिचा हात हातात घेतला आणि नवरीच्या आजीनं सुरुवात केली, “पोरी, ही कासारीन साधीसुधी न्हाय. हिच्या घोवानं दर्याला पेटी दिली, वर सोताला...”

“नाही हो,” मनुबाई म्हणाली.

आजी थांबली.

“त्यानं काही दिलं नव्हतं. माल घेऊन घरी येत होता. बोट बुडाली, तो बुडाला. माझ्या हातात काही नाही, आजी. मला बांगड्या चांगल्या भरता येतात, एवढंच हाय.”

नवरीनं आईकडं पाहिलं. आईनं आजीकडं पाहिलं. मग आईनं हळूच पोरीचा हात मनुबाईच्या हातातून काढून घेतला.

“ठेव गो खाली,” ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. “आमची आमी भरू.”

मनुबाईनं बांगड्या मोजल्या नाहीत. जेवढ्या हाताला आल्या तेवढ्या पुढ्यातल्या सुपात ठेवल्या, हारा डोक्यावर घेतला आणि धक्क्याकडं चालायला लागली. ओहोटी होती. ओल्या वाळूत पाय रुतत होते. अर्ध्या वाटेवर तिला रडू फुटलं, असं की हारा उतरवून खाली बसावं लागलं. ती तुळशीरामासाठी रडत होती. पेटी देणाऱ्या, दर्याला राजी करणाऱ्या त्या वाड्यातल्या गोष्टीतल्या माणसासाठी नव्हे. पोरीसाठी शिट्टी घेऊन घरी यायला निघालेल्या आणि वाटेत बुडालेल्या माणसासाठी. धंद्याच्या नादात ते रडणं तिचं राहूनच गेलं होतं.